रेकॉर्ड कोणी बदललं, हे डेटाबेसलाच ठाऊक असावं: ते कसं करायचं

‘हे रेकॉर्ड कोणी बदललं?’ हा प्रश्न येतो तेव्हा उत्तर आधीच लिहून ठेवलेलं असावं लागतं. प्रश्न आल्यावर शोधाशोध केली, तर जुना बॅकअप आणि आजचं टेबल ताडून काय बदललं ते सापडतं. दोन बॅकअपच्या तारखांवरून साधारण कधी, तेही कळतं. कोणी, ते मात्र कळत नाही. मग ज्यांच्याकडे त्या स्क्रीनचे हक्क आहेत त्या सगळ्यांवर संशय जातो, आणि त्यातला जो सगळ्यात नवा किंवा सगळ्यात गप्प बसणारा असेल त्याच्यावर आळ येऊन थांबतो. मी बरीच वर्षं डेटाबेस सांभाळते आहे. बदलांच्या नोंदीकडे लोक चोर पकडायचं साधन म्हणून बघतात, पण माझ्या पाहण्यात तिच्यामुळे निर्दोष सुटलेलेच जास्त आहेत. म्हणून नव्या प्रोजेक्टात हे काम मी अगदी सुरुवातीलाच उरकून घेते. इथली उदाहरणं मुख्यतः पोस्टग्रेस या डेटाबेसची आहेत, कारण माझा रोजचा हात त्यावर आहे. इतर डेटाबेसमध्ये काय वेगळं, तेही पुढे सांगते. कोडमधली इंग्रजी नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत.

डेटाबेसला माणूस दिसत नाही

कुठलंही वेब ॲप घ्या. वापरणारे शेकडो असोत की हजारो, ॲप सर्व्हर डेटाबेसशी एकाच लॉगिनने जोडलेला असतो. त्याला ‘वेब_ॲप’ म्हणू. मध्ये कनेक्शन पूल असतो, म्हणजे आत्ता एकासाठी वापरलेलं कनेक्शन क्षणात दुसऱ्याच्या कामाला लागतं. अशा वेळी डेटाबेसला ‘करंट_युजर कोण?’ असं विचारलं तर उत्तर कायम ‘वेब_ॲप’ हेच येणार. एकच किल्ली सगळ्यांच्या हातात असेल तर दार कोणी उघडलं ते कुलूप काय सांगणार?

प्रत्येक माणसाला डेटाबेसचं वेगळं लॉगिन देणं हा एक मार्ग आहे. मोजक्या लोकांच्या अंतर्गत कामासाठी तो चालतोही. पण वापरणारे वाढले की पूलचा फायदा जातो आणि पासवर्ड सांभाळायचं एक नवंच काम मागे लागतं. तेव्हा बहुतेक ठिकाणी करायचं ते असं: लॉगिन एकच ठेवायचं, पण प्रत्येक ट्रान्झॅक्शनसोबत (एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांच्या गटासोबत) माणसाची ओळख डेटाबेसपर्यंत पोचवायची आणि ओळख नसलेलं ट्रान्झॅक्शन डेटाबेसने स्वीकारायचंच नाही. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. ट्रिगर, म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड, कसा लिहायचा हे कुठेही सापडतं. ओळख कशी पोचवायची याकडे दुर्लक्ष होतं, आणि मग लाखो ओळींच्या ऑडिट, म्हणजे बदलांच्या नोंदीच्या, टेबलात ‘कोणी’च्या कॉलमखाली वरपासून खालपर्यंत ‘वेब_ॲप’ लिहिलेलं दिसतं.

‘अपडेटेड_बाय’ कॉलम ठेवा, पण त्यावर विसंबू नका

‘क्रिएटेड_बाय’, ‘क्रिएटेड_ॲट’, ‘अपडेटेड_बाय’ आणि ‘अपडेटेड_ॲट’ हे चार कॉलम बहुतेक टेबलांत असतात. असू द्यात. स्क्रीनवर ‘शेवटचा बदल अमुक यांनी केला’ एवढं दाखवायला ते सोयीचे पडतात. पण त्यात फक्त शेवटचा हात दिसतो. सकाळी एकाने रक्कम बदलली आणि दुपारी दुसऱ्याने त्याच रेकॉर्डमधला फोन नंबर दुरुस्त केला, तर रकमेचं खापर दुपारच्या माणसावर फुटतं.

डिलीटचं तर विचारायलाच नको. रेकॉर्डच गेलं, तर त्यासोबत त्याचा ‘अपडेटेड_बाय’ही गेला.

डेटाबेसची स्वतःची इतिहास ठेवणारी टेबलं वापरली तरी हीच अडचण येते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६च्या आवृत्तीपासून टेम्पोरल टेबलं आहेत, मारियाडीबीत १०.३ पासून सिस्टिम-व्हर्जन्ड टेबलं आहेत. जुन्या ओळी आपोआप जपण्याचं काम ती उत्तम करतात. पण त्यांच्या नोंदीत काळ असतो, माणूस नसतो. ‘अपडेटेड_बाय’ कॉलम असेल तर इतिहासात तो येतो, पण डिलीट झालेल्या ओळीत ज्याने आधी शेवटचा बदल केला होता त्याचं नाव दिसतं. पुसणाऱ्याचं नाही. घाईत वाचणारा ते नाव पुसणाऱ्याचंच समजतो, आणि नाव नसण्यापेक्षा चुकीचं नाव असणं जास्त घातक आहे.

ओळख ट्रान्झॅक्शनमध्ये कशी घालायची

पोस्टग्रेसमध्ये स्वतःच्या नावाची सेटिंग बनवता येते. नावात एक टिंब असलं की झालं, उदाहरणार्थ ‘ॲप.युजर_आयडी’. ट्रान्झॅक्शन सुरू झाल्या झाल्या ॲपने पहिली क्वेरी ही द्यायची:

सिलेक्ट सेट_कॉन्फिग('ॲप.युजर_आयडी', '४१२', ट्रू)

शेवटचा ‘ट्रू’ फार महत्त्वाचा. त्याचा अर्थ ही किंमत या ट्रान्झॅक्शनपुरतीच. कमिट (बदल पक्के) किंवा रोलबॅक (बदल रद्द) झालं की ती आपोआप जाते. तिथे ‘फॉल्स’ लिहिलं, किंवा साधं ‘सेट’ वापरलं, तर किंमत कनेक्शनला चिकटून राहते, कनेक्शन पूलमध्ये परत जातं आणि पुढच्या माणसाचे बदल ४१२च्या नावावर चढतात. पीजीबाउन्सर हा पोस्टग्रेसचा कनेक्शन पूल सांभाळणारा प्रोग्रॅम ट्रान्झॅक्शन मोडमध्ये, म्हणजे दर ट्रान्झॅक्शननंतर कनेक्शन परत घेत, चालत असेल तर हे हमखास होतं, आणि टेस्ट सर्व्हरवर एकटंच बसून तपासणाऱ्याला ते कधी दिसत नाही.

‘सेट लोकल’ या कमांडनेही हेच साधतं. पण तिला पॅरामीटर देता येत नाही, म्हणजे आयडी स्ट्रिंगमध्ये जोडून क्वेरी बनवावी लागते आणि इंजेक्शनला, म्हणजे मजकुरातून परकी क्वेरी घुसवण्याला, दार उघडं राहतं. ‘सेट_कॉन्फिग’ साधं फंक्शन आहे, त्याला बाइंड पॅरामीटर, म्हणजे क्वेरीपासून वेगळी पाठवलेली किंमत, चालतो. म्हणून मी तेच वापरते.

ही क्वेरी प्रत्येक कंट्रोलरमध्ये हाताने लिहायची नाही. ट्रान्झॅक्शन उघडणारी एकच जागा ॲपमध्ये ठेवा आणि ती तिथेच घाला. लॉगिन झालेला माणूस मिडलवेअरला (दर रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते त्या कोडला) ठाऊक असतो, तिथून आयडी घ्या. ब्राउझरने फॉर्ममध्ये भरून पाठवलेला आयडी कधीही वापरू नका, तो कोणीही बदलू शकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. ‘सेट लोकल’ ट्रान्झॅक्शनच्या बाहेर दिलं तर पोस्टग्रेस फक्त इशारा देतं आणि सेटिंग लागू होत नाही. ‘सेट_कॉन्फिग’ तर तेवढंही सांगत नाही: ती क्वेरी संपली की किंमत गेली. ऑटोकमिटवर (दर क्वेरी म्हणजे वेगळं ट्रान्झॅक्शन) चालणाऱ्या कोडमध्ये ओळख अशी गळते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

ओळख एकच नसते

‘४१२’ म्हणजे कोण, हेही ठरवावं लागतं. सपोर्टमधला माणूस ग्राहकाच्या वतीने त्याच्या खात्यात शिरतो तेव्हा दोन ओळखी असतात: प्रत्यक्ष काम करणारा आणि ज्याच्या नावाने काम होतंय तो. दोन्ही वेगवेगळ्या सेटिंगमध्ये पाठवा, ‘ॲप.युजर_आयडी’ आणि ‘ॲप.च्या_वतीने’. एकच ठेवली तर ग्राहक म्हणतो ‘मी हे केलंच नाही’, आणि त्याचं म्हणणं खरं असतं.

बॅकग्राउंड जॉबचंही तसंच. माणसाने बटण दाबलं, काम रांगेत गेलं आणि ते थोड्या वेळाने दुसऱ्याच सर्व्हरवर चाललं. जॉबच्या माहितीतच बटण दाबणाऱ्याचा आयडी घालून पाठवा. वेळापत्रकाने आपोआप चालणाऱ्या कामांना माणूस नसतो, त्यांना स्वतःचं नाव द्या: ‘जॉब:रात्रीचं_बिलिंग’, ‘जॉब:जुनी_सेशन_सफाई’. सगळ्यांना मिळून ‘सिस्टिम’ असं एकच नाव देण्याचा मोह होतो, पण ‘सिस्टिम’ म्हटल्यावर पुढे शोधायला वाटच उरत नाही. म्हणूनच ‘कोणी’चा कॉलम मी आकड्याचा न ठेवता टेक्स्ट ठेवते.

त्याच झटक्यात ‘ॲप.रिक्वेस्ट_आयडी’ही पाठवा. वेब सर्व्हरच्या लॉगमध्येही तोच आयडी असला की डेटाबेसमधल्या एका ओळीवरून थेट मूळ रिक्वेस्टपर्यंत जाता येतं.

ट्रिगर

आता ट्रिगरकडे वळू. ॲपच्या बाजूने इतिहास ठेवणारी साधनं फ्रेमवर्कगणिक आहेत: रेल्ससाठी पेपर_ट्रेल, जँगोसाठी सिंपल-हिस्टरी, हायबरनेटसाठी एन्व्हर्स. चांगली आहेत, पण ती ॲपच्या नेहमीच्या वाटेने आलेलेच बदल पाहतात. जँगोत क्वेरीसेटवर थेट ‘अपडेट’ चालवलं तर ‘सेव्ह’ होत नाही आणि सिग्नलही जात नाहीत. रेल्सचं ‘अपडेट_ऑल’ कॉलबॅक टाळतं. कोणी डेटाबेसमध्ये हाताने क्वेरी चालवली तर ॲपला त्याचा गंधही नसतो. ट्रिगर टेबलाशेजारीच बसलेला असतो, म्हणून माझा भर त्याच्यावर.

सगळ्या टेबलांसाठी एकच ट्रिगर फंक्शन पुरतं. इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट झाल्यानंतर, दर ओळीमागे एकदा, असा तो लावायचा. फंक्शनच्या आत कुठलं टेबल ते ‘टीजी_टेबल_नेम’ सांगतं, कुठली क्रिया ते ‘टीजी_ऑप’ सांगतं, आणि ‘ओल्ड’ आणि ‘न्यू’ या दोन ओळी हाताशी असतात. त्यांना ‘टू_जेसनबी’ लावून जेसनबी (कॉलमचं नाव आणि किंमत यांच्या जोड्या) केलं की कुठल्याही टेबलाची ओळ एकाच कॉलममध्ये मावते.

माझ्या ऑडिट_लॉगमध्ये हे कॉलम असतात: चढता क्रमांक, टेबलाचं नाव, रेकॉर्डचा आयडी, क्रिया, जुनी ओळ, बदललेले कॉलम त्यांच्या नव्या किमतींसह, कोणी, कोणाच्या वतीने, रिक्वेस्ट आयडी, डेटाबेसचं लॉगिन, ट्रान्झॅक्शन क्रमांक आणि वेळ. जुनी ओळ अख्खी ठेवते, नव्यातलं फक्त बदललेलं. इन्सर्टला अर्थातच नवी ओळ अख्खी.

काही ठिकाणी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

ओळख वाचताना ‘करंट_सेटिंग’ला दुसरा पॅरामीटर ‘ट्रू’ द्या, म्हणजे सेटिंग नसेल तर एरर न येता नल, म्हणजे ‘किंमतच नाही’, मिळतो. पण त्याच कनेक्शनवर आधी कधी ती सेटिंग लावली गेली असेल, तर ट्रान्झॅक्शन संपल्यावर नलऐवजी रिकामी स्ट्रिंग मिळते. फक्त नल तपासणारा ट्रिगर नव्या कनेक्शनवर बरोबर अडवतो आणि वापरलेल्या कनेक्शनवर रिकामं नाव लिहून पुढे जातो. ‘नलइफ’ने रिकाम्याचा नल करून घ्या, मगच तपासा. नल असेल तर ‘रेझ एक्सेप्शन’. ओळख नाही, तर बदलही नाही.

फंक्शन ‘सिक्युरिटी डिफायनर’ ठेवा, म्हणजे ‘वेब_ॲप’ला ऑडिट_लॉगमध्ये लिहायचा हक्क न देताही फंक्शन तिथे लिहू शकतं. पण तसं केलं की फंक्शनच्या आत ‘करंट_युजर’ म्हणजे फंक्शनचा मालक होतो. डेटाबेसचं लॉगिन नोंदवायला ‘सेशन_युजर’ वापरा, तो बदलत नाही. आणि फंक्शनवर ‘सर्च_पाथ’ (टेबलं कुठे शोधायची त्या जागांची यादी) पक्का बांधून टाका, नाहीतर त्याच नावाचं दुसरं टेबल पुढे करून फंक्शनला फसवता येतं.

वेळेसाठी बरेच जण ‘नाउ’ वापरतात. पोस्टग्रेसमध्ये ‘नाउ’ ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमधल्या सगळ्या ओळींवर तीच वेळ पडते. प्रत्यक्ष क्षण हवा असेल तर ‘क्लॉक_टाइमस्टॅम्प’. कॉलमचा प्रकार टाइमझोनसह असलेलाच निवडा.

‘अपडेटेड_ॲट’मुळे होणारा गोंगाटही थांबवायला हवा. काहीही न बदलता कोणी ‘सेव्ह’ दाबलं तरी काही फ्रेमवर्क हा कॉलम नव्याने लिहितात आणि लॉगमध्ये पोकळ ओळींचा ढीग साचतो. जुन्या आणि नव्या जेसनबीतून तो कॉलम काढा, मग तुलना करा. दोन्ही सारखे असतील तर नोंद करू नका. शेवटच्या लॉगिनची वेळ आणि भेटींचा आकडा असल्या कॉलमचंही तेच.

पासवर्डचा हॅश, टोकन, ओळखपत्रांचे क्रमांक यांच्या किमती लॉगमध्ये उतरवू नका. कॉलमचं नाव आणि ‘बदलला’ एवढं पुरे. टाळायच्या कॉलमांची नावं ट्रिगर लावतानाच त्याला पॅरामीटर म्हणून देता येतात, फंक्शनमध्ये ती ‘टीजी_आर्गव्ही’तून मिळतात. मूळ टेबलावर कडक पहारा आणि लॉगच्या टेबलात तीच माहिती उघडी, असं चित्र मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

एक ओळ वाचून बघू

समजा तक्रार आली की ग्राहक ८८१३ची उधारीची मर्यादा ५०,००० होती, ती ५,००,००० झाली आहे. लॉगमध्ये टेबल ‘ग्राहक’ आणि रेकॉर्ड ८८१३ शोधलं. एक ओळ मिळाली: क्रिया अपडेट, जुनी मर्यादा ५००००, नवी ५०००००, कोणी ४१२, डेटाबेस लॉगिन वेब_ॲप, ट्रान्झॅक्शन ७७२०४५.

बरेच जण इथेच थांबतात आणि ४१२ला बोलावतात. थांबू नका. त्याच ट्रान्झॅक्शन क्रमांकाच्या बाकीच्या ओळी काढा. समजा ३४० ग्राहकांच्या ओळी निघाल्या, सगळ्या मर्यादा बरोबर दहापट झालेल्या, आणि वेळा एकमेकींना खेटून. माणूस हाताने असं करत नाही. रिक्वेस्ट आयडी घेऊन वेब सर्व्हरचा लॉग उघडला तर फाइल अपलोड दिसते. ४१२ने फाइल चढवली हे खरं, पण शून्य वाढलं ते फाइल वाचणाऱ्या कोडमध्ये दशांश चिन्ह गळल्यामुळे. दोष कोडचा. आणि दुरुस्तीची यादीही आयती हातात आली: ३४० रेकॉर्ड, प्रत्येकाची जुनी किंमत शेजारीच लिहिलेली.

ट्रान्झॅक्शन क्रमांकाच्या एका कॉलमने एवढं काम केलं. तो ‘टीएक्सआयडी_करंट’ने मिळतो, आवृत्ती १३ पासून ‘पीजी_करंट_झॅक्ट_आयडी’ हे त्याचं नवं रूप आहे. लॉग वाचणाऱ्या स्क्रीनवर ‘याच ट्रान्झॅक्शनमधले इतर बदल’ अशी लिंक आवर्जून द्या.

वाचताना आणखी एक: चढत्या क्रमांकात मध्येच आकडे गायब दिसले म्हणून कोणीतरी ओळी पुसल्या असं धरून चालू नका. रोलबॅक झालेल्या ट्रान्झॅक्शनने घेतलेले क्रमांक सिक्वेन्सला, म्हणजे क्रमांक देणाऱ्या यंत्रणेला, परत मिळत नाहीत, त्यामुळे खिंडारं पडतातच.

ट्रिगरला चकवणाऱ्या वाटा

‘ट्रंकेट’ने टेबल रिकामं केलं तर दर-ओळीचे डिलीट ट्रिगर चालत नाहीत. पोस्टग्रेसमध्ये ट्रंकेटसाठी वेगळा, स्टेटमेंटपुरता ट्रिगर लावता येतो. तिथे मी नोंद करत नाही, सरळ एरर देते. चालू टेबलावर ट्रंकेटचं काम नाही.

टेबलाचा मालक ट्रिगर बंद करू शकतो. म्हणून ‘वेब_ॲप’ टेबलांचा मालक नसावा. मालकी आणि स्कीमा बदलायचे हक्क मायग्रेशनच्या (टेबलांची रचना बदलण्याच्या) वेगळ्या लॉगिनकडे द्या. ‘सेशन_रेप्लिकेशन_रोल’ची किंमत ‘रेप्लिका’ केली तरी साधे ट्रिगर गप्प बसतात, पण त्यासाठी बडे हक्क लागतात.

हाताने क्वेरी चालवणाऱ्यांना ज्याचं त्याचं लॉगिन हवंच. सगळे डीबीए (डेटाबेस सांभाळणारे) ‘पोस्टग्रेस’ या एकाच नावाने शिरत असतील, तर वरची सगळी मेहनत त्यांच्यापुरती वाया गेली. सुपरयुजरला तर ट्रिगर रोखू शकत नाही. त्याच्यासाठी पीजीऑडिट हे एक्स्टेंशन लावा आणि त्याचा लॉग लगेच दुसऱ्या मशीनवर पाठवा, जिथे त्या माणसाचे हक्क चालत नाहीत. कोणी काय पाहिलं, याचीही नोंद हवी असेल तर तीही पीजीऑडिटनेच ठेवा, कारण सिलेक्टवर ट्रिगर चालत नाही.

‘ऑन डिलीट कॅस्केड’ने मुख्य रेकॉर्डसोबत त्याच्या पोटातली रेकॉर्ड जातात, तेव्हा पोस्टग्रेसमध्ये त्यांचेही ट्रिगर चालतात आणि ओळख तीच राहते. त्याची चिंता नको.

इतर डेटाबेसमध्ये

मायएसक्यूएलमध्ये वरची गोष्ट उलटी आहे: फॉरेन कीच्या (दुसऱ्या टेबलातल्या रेकॉर्डकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमच्या) कॅस्केडने झालेले बदल ट्रिगर चालवत नाहीत. ऑडिट हवं असेल तर कॅस्केड काढा आणि पोटरेकॉर्ड ॲपमधून उघडपणे डिलीट करा. तिथे इन्सर्ट, अपडेट आणि डिलीटसाठी वेगवेगळे ट्रिगर लिहावे लागतात. ट्रिगरच्या आत ‘करंट_युजर’ म्हणजे ट्रिगर बनवणारा, प्रत्यक्ष जोडलेला हवा असेल तर ‘युजर’ हे फंक्शन. ओळख पाठवायला सेशनचं व्हेरिएबल वापरतात, पण ते ट्रान्झॅक्शनसोबत जात नाही, कनेक्शन असेपर्यंत टिकतं. म्हणून कनेक्शन पूलमधून घेतानाही लिहा आणि परत देतानाही पुसा. ओळख नसेल तर ‘सिग्नल’ने ४५००० हा एरर द्या.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१६ पासून ‘सेशन_कॉन्टेक्स्ट’ आहे. तिथला ट्रिगर ओळीमागे चालत नाही, स्टेटमेंटमागे एकदा चालतो, आणि ‘इन्सर्टेड’ व ‘डिलीटेड’ या टेबलांत सगळ्या ओळी एकदम येतात. आयडी एका व्हेरिएबलमध्ये उचलणारा ट्रिगर एका ओळीच्या टेस्टमध्ये पास होतो, आणि ३४० ओळींच्या अपडेटला एकच नोंद करतो. नेहमी टेबल म्हणूनच हाताळा.

ओरॅकलने ही गरज फार आधी ओळखली. ‘डीबीएमएस_सेशन’ पॅकेजमधल्या ‘सेट_आयडेंटिफायर’ने लावलेली ओळख ‘सिस_कॉन्टेक्स्ट’मधून वाचता येते, चालू सेशनच्या यादीत दिसते आणि ओरॅकलच्या स्वतःच्या ऑडिटमध्येही उतरते.

डेबेझियमसारखं साधन डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगमधून बदल उचलतं, त्यामुळे मूळ टेबलावर ट्रिगरचा भार पडत नाही. मोठ्या वर्दळीत ते योग्यच. पण त्या लॉगमध्येही ॲपचा माणूस नसतो, तो तुम्हालाच ठेवावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी_लॉजिकल_एमिट_मेसेज’ने ट्रान्झॅक्शनसोबत ओळखीची चिठ्ठी त्याच लॉगमध्ये घालता येते.

लॉग सांभाळणं

ऑडिट_लॉगवर ‘वेब_ॲप’ला अपडेट आणि डिलीटचे हक्क अजिबात नकोत. इतिहासाची स्क्रीन दाखवायची असेल तर फक्त वाचायचा हक्क द्या. ‘कोणी’ या कॉलमवरून वापरकर्त्यांच्या टेबलाला फॉरेन की लावू नका. एखादा माणूस काम सोडून गेला, त्याचं खातं पुसलं, आणि कॅस्केडने त्याचा सगळा इतिहासही गेला, असं व्हायला नको. त्याचबरोबर आयडी पुन्हा वापरले जाणार नाहीत याची खात्री करा. एसक्यूलाइटमध्ये ‘ऑटोइन्क्रिमेंट’ न लिहिलेल्या टेबलात शेवटचा रेकॉर्ड पुसला की त्याचा आयडी पुढच्याला मिळू शकतो. मायएसक्यूएलमध्येही आवृत्ती ८ च्या आधी सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर असं होऊ शकायचं. जुन्या माणसाचे बदल नव्याच्या नावावर दिसले तर तो बिचारा काय सिद्ध करणार?

आकाराची काळजी पहिल्याच दिवशी घ्या. टेबल महिन्यावार पार्टिशन करा, म्हणजे तुकड्यांत विभागा; मुदत संपली की जुनं पार्टिशन वेगळं काढून साठवणीत टाकता येतं. लाखो ओळी डिलीट करत बसण्यापेक्षा हे कितीतरी हलकं. टेबलाचं नाव आणि रेकॉर्ड आयडी मिळून एक इंडेक्स, ट्रान्झॅक्शन क्रमांकावर एक. वेळेवर ब्रिन इंडेक्स पुरतो, कारण ओळी वेळेच्या क्रमानेच येतात आणि तो जागा फारच कमी घेतो. जेसनबी कॉलमवर इंडेक्स खरी गरज दिसेपर्यंत नको, प्रत्येक लिखाणाला त्याची किंमत मोजावी लागते. किती काळ ठेवायचं ते तुमच्या क्षेत्राचे नियम बघून ठरवा आणि लिहून ठेवा. लॉगमध्ये लोकांची खाजगी माहिती साठते, ती कायमची धरून ठेवणंही बरोबर नाही.

चालू सिस्टिमवर कसं लावायचं

नव्या प्रोजेक्टात ओळख नसेल तर एरर, हा नियम पहिल्या दिवसापासून लावता येतो. चालू सिस्टिमवर एकदम लावलात तर कुठला तरी विसरलेला जॉब रात्री कोसळेल आणि सगळे ट्रिगरच काढून टाका म्हणतील. तिथे टप्प्याने जा.

आधी ट्रिगर लावा, पण ओळख नसेल तेव्हा एररऐवजी ‘अज्ञात’ लिहू द्या, आणि त्या ओळीसोबत ‘ॲप्लिकेशन_नेम’, क्लायंटचा पत्ता आणि ‘करंट_क्वेरी’ही नोंदवा. त्याआधी प्रत्येक सेवेने आणि जॉबने जोडताना स्वतःचं ॲप्लिकेशन_नेम द्यावं एवढं करून घ्या. दोन ओळींचं काम आहे, आणि शोध निम्म्यावर येतो. ज्या दिवशी ट्रिगर लावला त्या दिवशी महत्त्वाच्या टेबलांतल्या प्रत्येक रेकॉर्डसाठी ‘बेसलाइन’ या क्रियेची एक ओळ लॉगमध्ये घाला, म्हणजे इतिहास कुठून सुरू होतो ते वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतं आणि त्याआधीच्या बदलांबद्दल कोणी अंदाज बांधत नाही.

मग रोज सकाळी ‘अज्ञात’ ओळी मोजा, टेबल आणि ॲप्लिकेशन_नेमप्रमाणे गट करून. सगळ्यात मोठा गट आधी घ्या, तो कोड शोधा, ओळख पाठवायला लावा. महिनाअखेरीला आणि वर्षअखेरीलाच चालणारी कामं या यादीत आपोआप येणार नाहीत, ती वेळापत्रकातून हुडकून काढा आणि टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम चालवा.

यासोबत टेस्ट लिहा: ओळखीशिवाय लिखाण, एकाच कनेक्शनवर आधी ओळखीसह आणि मग ओळखीशिवाय लिखाण, अनेक ओळींचं एकच अपडेट, डिलीट, कॅस्केड, ट्रंकेट, आणि दोन वापरकर्त्यांचे एकाच वेळी, लहान पूलमधून चाललेले बदल. शेवटची टेस्ट लिहायला कंटाळवाणी आहे, तरी लिहा. ओळख एकाची दुसऱ्याला चिकटण्याचा दोष मुख्यतः तिच्यात पकडला जातो.

एका टेबलाच्या ‘अज्ञात’ ओळी पूर्ण थांबल्या की त्या टेबलाचा ट्रिगर एररवर टाका, बाकीची तोवर ‘अज्ञात’वर चालू द्यात. पैशांची आणि हक्कांची टेबलं सगळ्यात आधी घ्या.